कोकणातले आठ कोरडे महिने आणि एकरी तीस हजार लिटर पाणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणून कोरडवाहू शेतीचा विषय निघाला की माण, आटपाडी, जत, सांगोला यांची नावे येतात आणि कोकणाचे नाव कोणी घेत नाही. पण पिकाला वर्षाच्या पावसाचा आकडा उपयोगाचा नसतो. मुळाशी ओल किती महिने टिकते, यावर त्याचे जगणे ठरते. त्या हिशोबाने आपले सडे (कातळी पठारे) आणि वरकस (उताराच्या हलक्या) जमिनी ऑक्टोबर ते मे असे आठ महिने कोरडवाहूच आहेत. इथला जांभा दगड सच्छिद्र असतो. त्यात मुरलेले पाणी खालच्या चिकण थरावरून सरकत सड्याच्या कडेला झऱ्यावाटे बाहेर पडते आणि तिथून वहाळाने (ओढ्याने) समुद्राला मिळते. बहुतेक विहिरी फेब्रुवारी-मार्चपर्यंत तळ दाखवतात. बोअरवेल हा त्यावरचा इलाज नाही. सड्यावर ती मारली तर ऐन उन्हाळ्यात पाणी देईलच याची खात्री नसते, आणि खाडीकाठी जास्त उपसा केला की खारे पाणी आत सरकते.

सोलापूरला १९३३ पासून कोरडवाहू शेतीवर संशोधन चालू आहे आणि त्यातून पुष्कळ शिकण्यासारखे आहे. मात्र तिथला उपाय जसाच्या तसा इथे आणून चालत नाही. तिथे पावसाचा प्रत्येक थेंब अडवून जमिनीत मुरवायचा असतो, कारण पाऊसच पाचशे-सहाशे मिलिमीटर. इथे थेंब मुरवण्यात अडचण नाही, मुरलेले पाणी धरून ठेवण्यात आहे. म्हणून कोकणात आधी पिकाला लागणारे पाणी लिटरमध्ये मोजावे, तेवढ्याच पाण्याची प्लास्टिकचे अस्तर लावलेली आणि झाकलेली साठवण करावी आणि कलमे त्यानंतर लावावीत. आज बहुतेक ठिकाणी हे उलट चालते. जुलैत कलमे लागतात, मार्चमध्ये ती करपू लागतात आणि मग हंडे घेऊन धावपळ सुरू होते.

एक एकर काजूचा हिशोब मांडतो. ७ × ७ मीटरवर लावली तर एकरात सुमारे ८० कलमे बसतात. बुडाशी आच्छादन असेल तर पहिल्या उन्हाळ्यात प्रत्येक कलमाला आठवड्याला १० लिटर पाणी पुरते. नोव्हेंबरअखेरपर्यंत जमिनीतली ओल काम करते. डिसेंबरच्या सुरुवातीपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत २७ आठवडे होतात. ८० गुणिले १० गुणिले २७ म्हणजे २१,६०० लिटर. दुसऱ्या उन्हाळ्यात मुळे खोल गेलेली असतात, तेव्हा पंधरवड्याला २० लिटर द्यावे. पाण्याची बेरीज जवळपास तेवढीच येते आणि खेपा निम्म्या होतात. तिसऱ्या उन्हाळ्यापासून चांगल्या वाढलेल्या काजूला जगण्यापुरते पाणी द्यावे लागत नाही. थोडक्यात, एक एकर काजूबाग उभी राहते की मरते हे दोन उन्हाळ्यांच्या प्रत्येकी वीस-बावीस हजार लिटरवर ठरते. पाण्याचे दोन-तीन टँकर म्हणजे एवढे पाणी. पण ते २७ आठवड्यांत थोडे थोडे, प्रत्येक कलमाच्या मुळाशी पोचले पाहिजे.

यासाठी ६ मीटर लांब, अडीच मीटर रुंद आणि २ मीटर पाण्याच्या खोलीचे जलकुंड पुरते. त्यात ३०,००० लिटर पाणी मावते. ते भरण्यासाठी ओहोळ वळवायची, पाट काढायची गरज नाही. तीन मीटर पाऊस पडतो त्या गावात उभ्या भिंतींचा दोन मीटर खोल खड्डा आभाळातून पडणाऱ्या पाण्यानेच भरतो. सोलापूरकडे असाच खड्डा केला तर त्यात थेट पावसाने फूट-दोन फूट पाणी साचेल, म्हणून तिथे शेततळ्याला वरचे पाणलोट लागते आणि पाण्याबरोबर गाळही येतो. आपल्याला ती कटकट नाही. उलट जलकुंडाच्या चारही बाजूंनी वीतभर उंचीचा बांध घालून वाहते पाणी आत येऊच द्यायचे नाही. गाळ आला नाही तर साठवण वर्षानुवर्षे कमी होत नाही.

खोली मात्र कमी करू नये. किनारपट्टीत उघड्या पाण्याची वाफ दिवसाला सरासरी ४ ते ५ मिलिमीटर धरली, तर डिसेंबर ते मेअखेर सुमारे ८०० मिलिमीटर पाणी उडून जाते. वर सांगितलेल्या कुंडाचा पृष्ठभाग १५ चौरस मीटर आहे, म्हणजे उघडे ठेवले तर १२,००० लिटर वाफ होऊन १८,००० उरतात आणि दर सहा कलमांमागे एक तहानलेले राहते. खणायला सोपे म्हणून तेच ३०,००० लिटर एक मीटर खोल आणि दुप्पट पसरट खड्ड्यात ठेवले, तर २४,००० लिटर वाऱ्यावर जातात आणि कलमांसाठी ६,००० राहतात. त्यामुळे कुंड अरुंद आणि खोल खणावे आणि पाऊस संपताच, ऑक्टोबरअखेर, झाकावे. आडवे बांबू किंवा चिव्याच्या काठ्या, त्यांवर शेडनेट आणि वर माडाची झापे एवढे पुरते. झापे उसवून पाण्यात पडली तर कुजतात आणि नळी तुंबते, म्हणून खाली नेट हवेच. जूनमध्ये हे सारे बाजूला करून कुंड पुन्हा पावसासाठी उघडायचे.

मेघालयात बारापाणीच्या भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या केंद्रानेही असाच मार्ग धरला. तिथेही धो धो पाऊस, तीव्र उतार आणि हिवाळ्यात टंचाई. त्यांनी ५ × ४ × १.५ मीटरचे, ३०,००० लिटरचे जलकुंड बसवले. भिंतींना पाच भाग माती आणि एक भाग शेण असे लिंपण केले, अस्तराखाली पाईनच्या सुक्या पानांची गादी घातली आणि वर गवताचे झाकण ठेवले. आपल्याकडे दापोलीच्या बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने कलमांसाठी जलकुंडांची शिफारस फार पूर्वीपासून केलेली आहे. हे तंत्र नवे नाही. ते पसरले नाही याची कारणे बांधणीतल्या लहान चुकांमध्ये आहेत, म्हणून त्या सविस्तर लिहितो.

जागा बागेच्या वरच्या अंगाला धरावी, म्हणजे पाऊण इंची नळीने वक्रनलिका (सायफन) पद्धतीने पाणी खाली उतरते आणि पंप लागत नाही. सखल जागी, झऱ्याजवळ किंवा भातखाचराच्या कडेला कुंड खणले तर पावसाळ्यात जमिनीतले पाणी अस्तराखाली चढते, प्लास्टिक फुग्यासारखे वर येते आणि जोडावर फाटते. अस्तर मेअखेर अंथरावे आणि तळाशी लगेच वीतभर पाणी सोडावे, त्या वजनाने ते बसते. खड्डा २.२ मीटर खोल खणावा. वरचे २० सेंटिमीटर मोकळे ठेवून त्या पातळीला ३ इंची सांडवा-पाइप बसवावा. सांडवा नसेल तर जुलैत पाणी काठावरून अस्तराच्या मागे शिरते आणि माती ढासळते.

जांभ्याच्या भिंतीला कंगोरे राहतात. ते टिकावाने ताशीत बसण्यापेक्षा मातीशेणाचे दोन हात लिंपण द्यावे आणि त्यावर खतांची रिकामी पोती उसवून लावावीत. गादी म्हणून भाताचा पेंढा वापरू नये, त्यात उंदीर घर करतात आणि पाठोपाठ अस्तर कुरतडतात. वाळवीही लागते. भातशेताजवळच्या जागी खेकड्यांची बिळे दिसली तर ती दगड-मातीने ठासून बुजवल्याशिवाय अस्तर टाकू नये. या मापाच्या खड्ड्याला १२ × ८.५ मीटरचा एकसंध तुकडा लागतो. त्यात चारही बाजूंना पाऊण मीटर पट्टा चरात गाडायला मिळतो. दुकानदार लहान तुकडे चिकटवून देतो म्हणाला तर घेऊ नये, कारण चिकटवलेला जोड दुसऱ्या उन्हाळ्यात सुटतो. अस्तराचा उघडा काठ उन्हाने चिरतो, म्हणून काठावर माती हवीच. आणखी एक गोष्ट जिवाची आहे. प्लास्टिकच्या उभ्या भिंतीवरून पडलेले माणूस किंवा वासरू वर चढू शकत नाही. दोन कोपऱ्यांत गाठी मारलेले जाड दोर पाण्यापर्यंत सोडून ठेवावेत आणि सभोवती काटेरी कुंपण करावे. झाकण असले तरी यात सूट नाही.

कलमांच्या खड्ड्यांकडे वळतो. मातीच्या जमिनीत ६० सेंटिमीटर लांब-रुंद-खोल खड्डा पुरतो. कातळावर एक मीटरचा खणून बाहेरची माती भरावी लागते. कातळातला खड्डा पावसाळ्यात पाण्याने तुडुंब भरतो आणि महिनोन्‌महिने तसाच राहतो. मुळे कुजतात. ऑक्टोबरमध्ये पान पिवळे पडते, लोक त्याला पाणी कमी पडले असे समजून आणखी पाणी घालतात. खड्ड्याच्या उताराच्या बाजूने तळापर्यंत बोटभर का होईना चर फोडून पाणी बाहेर काढलेच पाहिजे. हा खर्च बहुतेक अंदाजपत्रकांत धरलेला नसतो. भरताना चांगली माती, दोन-तीन घमेली कुजलेले शेणखत आणि एक किलो सुपर फॉस्फेट मिसळावे. कलमाचा जोड जमिनीच्या वर राहिला पाहिजे. जोडाखालून फुटणारे धुमारे दर महिन्याला खुडावेत, नाहीतर वेंगुर्ला-४ किंवा वेंगुर्ला-७ च्या पैशात रायवळ (बिनकलमी) काजू वाढतो.

आच्छादन ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, जमीन ओली असतानाच घालावे. बुडाभोवती एक मीटर त्रिज्येत चार ते सहा इंच जाड सुके गवत किंवा पालापाचोळा. खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी ठेवावी, नाहीतर वाळवी खोडाला लागते. जानेवारीत सुकलेल्या मातीवर गवत टाकून फारसे काही साधत नाही. नैर्ऋत्येच्या अंगाला एक झाप रोवले की दुपारचे ऊन अडते. पाणी जमिनीवर ओतले तर त्यातले बरेच वरच्या दोन इंचांत राहते आणि संध्याकाळपर्यंत उडते. कलमापासून फूटभर अंतरावर, चढाच्या बाजूला, अडीच इंची पाइपचा दीड फूट लांबीचा तुकडा उभा पुरावा, त्यात खडी भरावी आणि आठवड्याचे १० लिटर त्यातून सावकाश सोडावे. पाणी थेट मुळांच्या थरात जाते आणि गवतही माजत नाही. मडके पुरणे हाही चांगला उपाय आहे, फक्त तोंड झाकलेले हवे.

एवढे केले तरी वणवा एका दुपारी सगळे नेतो. जानेवारीतच बागेभोवती तीन-चार मीटर रुंदीची जाळरेषा काढून ठेवणे हे पाण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे, विशेषतः आपण बुडाशी सुके गवत घातलेले असताना.

काजू मोठा झाल्यावर हे जलकुंड रिकामे पडून राहत नाही. हापूसची फळगळ कमी करण्यासाठी वाटाणा, गोटी, सुपारी आणि अंड्याएवढ्या आकाराच्या अवस्थांत झाडाला १५० ते २०० लिटर पाणी द्यावे, अशी शिफारस आहे. तीस झाडांना चार वेळा २०० लिटर म्हणजे २४,००० लिटर, त्याच कुंडात बसणारे. पाण्याची वेळ मात्र चुकवू नये. मोहोर येण्याआधी पाणी दिले की झाड पालवी काढते आणि मोहोर हुकतो. फळकाढणीच्या महिनाभर आधी पाणी बंद केले पाहिजे.

पैशांच्या दृष्टीने काजूची पहिली चार वर्षे बिनउत्पन्नाची असतात, आणि शेती सुटते ती याच काळात. विक्रेत्याच्या माहितीपत्रकातले दहाव्या वर्षाचे उत्पन्न पाहून कर्ज काढू नये. ओळींमधल्या जागेत सुरण, कणगर, करांदे ही पावसावर येणारी कंदपिके घ्यावीत. मे-जूनला लावली की दिवाळीनंतर निघतात, उन्हाळ्यात त्यांना पाणी नको. सुरणाला भुसभुशीत माती आणि भरपूर शेणखत लागते, कातळावर तो घेऊ नये. बांधाला कोकम लावायचा असेल तर कलमेच लावावीत. बियांपासून वाढवलेल्या रोपांत जवळपास निम्मी झाडे नर निघतात आणि ते कळायला सहा-सात वर्षे जातात. कोकण अमृता ही जात पाऊस सुरू होण्याआधी तयार होते, त्यामुळे सोले (आमसुले) उन्हात वाळवता येतात.

भातखाचरांची गोष्ट वेगळी. तिथे साठवणीपेक्षा तारीख महत्त्वाची आहे. गरवे (उशिरा तयार होणारे) भात नोव्हेंबरपर्यंत उभे राहिले की खालची ओल गेलेली असते. रत्नागिरी-२४ किंवा कर्जत-१८४ सारखे हळवे (लवकर तयार होणारे) भात घेतले तर ऑक्टोबरच्या सुरुवातीला शेत मोकळे होते. कापणीनंतर चार-पाच दिवसांत कुळीथ पडला पाहिजे. गुंठ्याला ३०० ग्रॅम बियाणे, रात्रभर भिजवून सावलीत सुकवलेले, रायझोबियम हे जिवाणूखत चोळून. ओळीत ३० सेंटिमीटर अंतर ठेवले तर एक कोळपणी करता येते आणि ती कोळपणी जमिनीच्या भेगा बुजवून ओल टिकवते. शेत नांगरून दोन दिवस उघडे टाकले तर वरचा थर सुकून उगवण विरळ होते, म्हणून नांगर आणि पेरणी एकाच दिवशी. भारी, ओल धरणाऱ्या जमिनीत वाल किंवा पावटा घ्यावा. रायगडात पोपटीच्या (मडक्यात शेंगा भाजण्याच्या) दिवसांत हिरव्या शेंगांना मिळणारा भाव सुक्या दाण्यापेक्षा परवडतो. नेरळच्या सगुणा बागेतून पुढे आलेली गादीवाफ्यावरची बिनचिखलणीची भातपद्धत याला पूरक आहे. चिखलणी नसल्याने जमीन घट्ट बसत नाही आणि वाफा न मोडता त्यावरच दुसरे पीक टोकता येते. तिथे तणनाशकावर मदार असते, हे मात्र सुरू करण्यापूर्वी लक्षात घ्यावे.

दुसरे पीक कोकणात तंत्रज्ञानाअभावी अडलेले नाही. भात कापले की गुरे मोकाट सोडण्याची रीत त्याच्या आड येते. एकट्याने कुळीथ पेरला तर तो गावच्या गुरांसाठी पेरल्यासारखा होतो. कुंपणाचा खर्च कुळथातून निघत नाही. गावकीने बैठक घेऊन एक सबंध मळा ठरवावा, सर्वांनी एकाच आठवड्यात पेरावे आणि मार्चपर्यंत त्या भागात गुरे न सोडण्याचा निर्णय करावा. राखणीचा एक माणूस वाटणीने ठेवला तर वानर आणि रानडुकरांचाही बंदोबस्त बऱ्यापैकी होतो. हे सरकारी अनुदानाने होणारे काम नाही.

वहाळातले पाणी धरायला वनराई बंधारे सगळ्यांना ठाऊक आहेत, तरी ते दरवर्षी चुकीच्या महिन्यात बांधले जातात. जानेवारीत फोटोसाठी बांधलेल्या बंधाऱ्याला अडवायला पाणीच नसते. दसरा-दिवाळीच्या सुमारास, प्रवाह उतरला पण चालू आहे तेव्हा बांधावा. सहा मीटर रुंदीच्या वहाळात एक मीटर उंचीच्या बंधाऱ्याला दीडशेच्या आसपास पोती लागतात. ती पाऊणच भरावीत, तोंड शिवावे आणि विटांसारखी सांधे चुकवून रचावीत. तळाची वाळू काढून पक्का थर लागेपर्यंत चर खणला नाही तर पाणी खालून निघून जाते. अडवलेल्या बाजूचे प्लास्टिकही त्या चरात गाडलेले हवे. वहाळाचा उतार पन्नासाला एक असेल तर मागे दीड लाख लिटर पाणी थोपते आणि शेजारच्या विहिरींना त्याचा आधार मिळतो. दगड मुबलक असतील तिथे दापोली विद्यापीठाचा कोकण विजय बंधारा, म्हणजे दगडांची रचना आणि आत प्लास्टिक, अधिक टिकतो. मेअखेर पोती आणि प्लास्टिक काढून घेतलेच पाहिजे, नाहीतर पहिल्या पुरात ते फुटून शेतात आणि खाडीत जाते.

कृषी विभागाकडे दोन मागण्या आहेत. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेचे अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे मिळते आणि पुढचे हप्ते झाडे जगण्यावर अवलंबून असतात. मग कोकणात मंजुरीच आदल्या फेब्रुवारीपूर्वी द्यावी, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये जलकुंड, मेमध्ये खड्डे आणि अस्तर, जुलैत लागवड हा क्रम बसेल. जूनअखेर मंजुरी आली तर कुंड खणायला पुढचा उन्हाळाच उजाडतो, तोवर पहिली मर झालेली असते. दुसरी मागणी मापांची. २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत सर्वात लहान तळेच १५ × १५ × ३ मीटरचे होते. उतारावरच्या आपल्या कित्येक कुणग्यांची (लहान शेततुकड्यांची) रुंदीही तेवढी नसते. शेततळ्याच्या कोणत्याही योजनेत कोकणासाठी १५ ते ५० घनमीटरची कुंडे स्वतंत्र मापात धरावीत, अंदाजपत्रकात अस्तर, झाकण, सांडवा, दोर आणि कुंपण या पाचही बाबी असाव्यात. तपासणी डिसेंबरमध्ये व्हावी आणि तपासताना कुंडातले पाणी काठीने मोजावे.

आपला,
एक काजू बागायतदार व कृषी पदवीधर
ता. लांजा, जि. रत्नागिरी